कांदा ५० वर गेला म्हणजे अर्थव्यवस्था बुडाली का?

हिशेबी
किरकोळ महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ आधारवर्षाच्या मालिकेत कांद्याचा भार, म्हणजे हिस्सा, ०.६४ टक्के. ढोबळमानाने, कांदा दुप्पट झाला तरी एकूण आकडा पाऊण टक्काही हलत नाही. घरातही तेच. महिन्याला ४ किलो कांदा २५ चा ५० झाला तर १०० रुपये जादा. १० हजारांचं घरभाडं १० टक्क्यांनी वाढलं की हजार गेले. तरी बुधवारच्या बाजारात बोंब कांद्याचीच!

गोदाकाठ
भाडं ११ महिन्यांनी वाढतं, भाजी आठवड्यातून दोनदा घ्यावी लागते. सारखा समोर येणारा भावच डोक्यात बसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्के होती. भाजी-डाळी वर्षभरापूर्वीपेक्षा स्वस्त होत्या म्हणून, पण खाद्यतेल त्याच महिन्यात महागलेलं होतं. तेलाची पिशवी घेणाऱ्याला ०.२५ सांगून बघा.

निफाडकर
दोघंही गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलताय. इथं भाव पडला की मंदी वाटते. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघून कांदाचाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, जातो. ऑक्टोबरपर्यंत सड, मोड आणि वजनघट मिळून क्विंटलमागे ३०-४० किलो जाऊ शकतात. खर्च किलोला १५ धरा, ३५ किलो गेले, तर उरलेल्या ६५ किलोला २३ चा भाव मिळाला तरच बरोबरी. हमाली, गाडीभाडं वेगळंच. लासलगावच्या कांदा बाजारात किलोला १२ नं लिलाव फुटला की आधी ट्रॅक्टरचा हप्ता थकतो, मग पिंपळगावची कापडदुकानं ओस. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये उठली तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य लावून. शहरातल्या फोडणीची सवलत कुणाच्या खिशातून गेली?

हिशेबी
म्हणजे मिळकत बघा, भाव नाही. माझाच मुद्दा झाला की.

गोदाकाठ
नाही झाला. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहरी कुटुंबांना महागाई किती वाटते ते विचारते. उत्तर बहुतेक वेळा सरकारी आकड्याच्या बरंच वर येतं, तरी बँक ते टाकून देत नाही. वाटण्यावरच माणूस पगारवाढ मागतो, मिसळवाला प्लेटमागे १० रुपये चढवतो. आणि चढलेली मिसळ कांदा उतरल्यावर उतरत नाही.

निफाडकर
ग्रामीण भागातही विचारतात, पण ग्राहक म्हणून. ज्याच्या चाळीत २०० क्विंटल पडलाय, त्यानं ‘भाव उतरले’ या पर्यायावर खूण केली तर ती समाधानात मोजायची की नुकसानीत?