स्पॅनिशमधलं 'एसे' म्हणजे नक्की किती लांब?

सांगलीची_काकू
मुलाकडे व्हॅलेन्सियाला तीन महिने आले आहे. निघण्याआधी ऑनलाइन क्लास करून 'एस्ते, एसे, आकेल' हे 'हा-तो' दाखवणारे शब्द घोकले होते. काल मेर्कादो सेंत्रालमध्ये एकटीच गेले. संत्रीवाल्याच्या हाताशी ढीग होता, मला त्यातलीच हवी होती. ऐटीत आकेलचं अनेकवचन वापरून म्हटलं, "उन किलो दे आकेयास, पोर फाबोर." (त्यांतली एक किलो द्या.) तो वळला आणि पार मागच्या पेटीतली भरायला लागला! मी "नो, नो" करत बोट दाखवलं, तर हसून म्हणतो, "आ, एस्तास!" म्हणजे 'अच्छा, ही!'

क्लासच्या वहीत लिहिलंय: एस्ते जवळ, एसे मध्यम, आकेल लांब. ढीग माझ्यापासून चांगला चार हात लांब होता. मग मध्यम म्हणजे किती हात? आपलं 'हा' आणि 'तो' यांत कसं सगळं भागतं.

शिवाय चाचणीत 'एस्तो लिब्रो' लिहिलं त्यावर लाल काट. 'हे पुस्तक', मग एस्तो का नाही?

माद्रिदची_सून
काकू, वहीतलं 'मध्यम' आधी खोडा. हात मोजू नका, वस्तू कोणाकडे आहे ते बघा. माझ्याकडचं ते एस्ते, समोरच्याकडचं ते एसे, दोघांपासूनही पलीकडचं ते आकेल. आपणही 'तुमच्याकडचं ते' आणि 'पलीकडचं ते' म्हणतोच, फक्त दोन्हीकडे 'ते' एकच. फोनवर तुमच्या बाजूला कुकरची शिट्टी झाली तर मी विचारेन, "के एस एसे रुइदो?" (तो आवाज कसला?) तुम्ही सांगलीत असलात तरी 'एसे'च! आकेल काळालाही चालतं: 'एन आकेयोस तिएम्पोस', त्या काळी.

'एस्तो लिब्रो' ही खास मराठी माणसाची चूक, मीही वर्षभर केली. आपल्याकडे पुस्तक नपुंसकलिंगी, स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नामच नाही. लिब्रो पुल्लिंगी, म्हणून एस्ते लिब्रो. एस्तो, एसो, आकेयो नामाआधी कधीच येत नाहीत, एकटेच उभे राहतात. "हे काय आहे?" म्हणजे "के एस एस्तो?", इथे मात्र आपलं 'हे' चपखल बसतं. आणि 'हे माझे वडील' म्हणताना आदरार्थी अनेकवचन करू नका. मी सासऱ्यांची ओळख 'एस्तोस' (एस्तेचं अनेकवचन) म्हणून करून दिली, पाहुणे दुसरा सासरा शोधत बसले.

निवृत्त_संस्कृतवाला
संस्कृतात तर चार पायऱ्या! इदम् जवळचं, एतद् अगदी जवळचं, अदस् दूरचं, तद् डोळ्याआडचं. तीन काय घेऊन बसलात?

माद्रिदची_सून
सर, पण त्या पायऱ्या अंतराच्या. इथली मधली पायरी ऐकणाऱ्याची आहे, गोची तिथेच होते.

मेक्सिकोतला_मामा
आमच्याकडे रोजच्या बोलण्यात आकेल कमीच, बरंचसं एसेवर निभावतं. आणि शब्द आठवेना की लोक "एस्ते..." करून थांबतात, अगदी आपल्या "हे आपलं ते..." सारखं. आधी मला वाटायचं, हा कशाकडे बोट दाखवतोय?

एक सावधगिरी. एसे नामाच्या मागे गेलं की बहुतेकदा तुच्छता येते. 'एल तिपो एसे', म्हणजे 'तो बाबा' आपण नाक मुरडून म्हणतो तसं. जुन्या पुस्तकांत एस्ते, एसेवर स्वरचिन्ह दिसेल, त्याने घाबरू नका. स्पॅनिश भाषेच्या अकादमीच्या 2010 च्या शुद्धलेखनानुसार त्याची गरज नाही.

सांगलीची_काकू
आज परत गेले. टोमॅटोकडे बोट करून म्हटलं, "एसोस." त्याने त्याच ढिगावर हात ठेवून विचारलं, "एस्तोस?" मी म्हटलं, "सी, एसोस." टोमॅटो तेच, त्याचे एस्तोस, माझे एसोस! हात मोजून हे कधी कळलं नसतं.

पण आता नवीनच. माझी सून पाण्याला म्हणते 'एल आग्वा', आणि वहीत 'एस्ता आग्वा'. पाणी बाई की बुवा?

माद्रिदची_सून
बाईच. सुरुवातीचा 'आ' ठसक्यात असल्यामुळे लगेच आधी 'ला' या स्त्रीलिंगी उपपदाऐवजी 'एल' येतं, एवढंच. एस्ता आग्वा बरोबर. इथले लोकही बिनदिक्कत 'एस्ते आग्वा' म्हणतात, तेव्हा तुमच्या सुनेने तसं म्हटलं तर टोकू नका.