बाळासाठी मावशी: रजा संपायच्या आधीच आणा
बाळ सांभाळायला मावशी एजन्सीकडून घ्यावी की ओळखीतली बाई बघावी, हा प्रश्न बऱ्याच जणींना पडतो. माझं मत ओळखीतलीच. सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना विचारा, त्यांना खरी माहिती असते. पोलीस पडताळणी मात्र दोन्हीकडे कराच.

खरा प्रश्न वेळेचा आहे. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. तिचे शेवटचे दोन-तीन आठवडे तुम्ही घरात असतानाच मावशींना बोलवा. भरवणं, झोपवणं त्यांच्या हातून होऊ द्या, बाळ रुळतं. पगार ठरवतानाच साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा, दिवाळीचा बोनस बोलून घ्या. आणि कृपया धुणीभांडी त्यांच्या गळ्यात घालू नका! बाळ सांभाळणं हेच पूर्ण दिवसाचं काम आहे.