सल्ला हवा: ४० हजारांत पीएस५, एक्सबॉक्स की पीसी?

धरमपेठ_गेमर: बजेट ४० हजार, वर एक रुपया नाही. गॉड ऑफ वॉर, स्पायडरमॅन आणि फोर्झा होरायझन ५ खेळायचे आहेत. पहिले दोन पीएस५वाल्या सोनीचे, तिसरा एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टचा. तीन गेमसाठी दोन मशिनी घ्यायच्या का?

मानेवाडा_भाऊ: डोळे मिटून पीएस५ घे. ५०च्या वर जाशील, पण विषय संपतो. फोर्झाही एप्रिल २०२५ला पीएस५वर आला. माझा मे महिन्यातही तापत नाही. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यातून काढला आणि मागे वीतभर जागा सोडली.

स्टीमवाला: ५० काहून भाऊ? तो ४० म्हणून राहिला ना! पीसी घे. गॉड ऑफ वॉर २०१८चा, पीसीवर जानेवारी २०२२ला आला. स्पायडरमॅनही २०१८चा, तो ऑगस्ट २०२२ला. दम धरला तर सेलमध्ये स्वस्तात मिळतात.

मानेवाडा_भाऊ: चार वर्षं दम? तोवर यूट्यूबवर शेवट कळून जातो.

सदर_ताई: डिजिटल पीएस५ घेऊ नका दादा. डिस्क ड्राइव्ह नसला की सोनीच्याच स्टोअरमधून घ्या, ते लावतील तो भाव. मी डिस्क घेते, गेम संपला की विकते. बर्डीवर एका दुकानातून घेतलेली जुनी डिस्क मात्र अर्ध्यात अडकायची, त्यानं परत घेतली नाही. उजेडात धरून ओरखडे बघूनच घ्या.

स्टीमवाला: म्हणूनच पीसी. दुकानं अनेक.

मानेवाडा_भाऊ: अनेक? एपिक या पीसी गेमच्या दुकानानं मेट्रो एक्सोडस हा गेम २०१९ला वर्षभर स्टीम या दुसऱ्या दुकानात येऊ दिला नाही.

हिंगणा_रोड: एक्सबॉक्सचं स्वस्त मॉडेल सिरीज एस बजेटच्या जवळपास आहे, पण गॉड ऑफ वॉर त्यावर नाहीच. ५१२ जीबीत मोठे गेम मोजकेच मावतात. गेमपासच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या महिनेवारी गेम वर्गणीच्या, भरवशावर तर राहूच नका. २०२३ला मायक्रोसॉफ्टनं ६९ अब्ज डॉलरला अ‍ॅक्टिव्हिजन ही गेम कंपनी घेतली, तेव्हा ग्राहकाचाच फायदा सांगत होते. ऑक्टोबर २०२५ला गेमपासचा महागडा प्लॅन अल्टिमेट अमेरिकेत महिन्याला २०वरून ३० डॉलर केला.

मानेवाडा_भाऊ: मशीन विकायची असते म्हणूनच सोनी अशा गेमवर पैसा ओतते. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कंपनीच्या मशीनवर चालणारे गेम, बंद झाले तर असे गेमही बंद.

हिंगणा_रोड: मग निदान वर्षभरात सगळीकडे द्या ना!

धरमपेठ_गेमर: सगळ्यांचे आभार. ओळखीच्या एकाकडून जुना पीएस४ घेऊन राहिलो, चार डिस्कसकट. सोनीचे दोन्ही गेम त्यावर आहेत, गॉड ऑफ वॉरचा पुढचा भाग रॅग्नारोकसुद्धा. फोर्झा सोडला.

सदर_ताई: अर्धा तास गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका, मगच पैसे द्या.

मानेवाडा_भाऊ: पीएस५च घ्यायचा होता.