अंदमानात सायकल सहल: १४ जण, फेब्रुवारी, जारवा पट्टा टाळून. मार्ग कसा आखावा?

घंटी_वाजवा

आमच्या गटाची फेब्रुवारीत ९ दिवसांची अंदमान सहल ठरतेय. १४ जण, वय २८ ते ६१, सगळ्यांना दिवसाला ७०-८० किमी जमतं. सायकली आपल्याच नेणार. कच्चा मार्ग असा: पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) – बाराटांग – रंगत – मायाबंदर – डिगलीपूर, परत येऊन स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील).

प्रश्न:
१) जारवा आदिवासींच्या अभयक्षेत्रातून (त्यांच्यासाठी राखीव जंगलातून) सायकल चालवता येते का? येत नसेल तर तेवढा पट्टा बसने केला तर चालेल ना?
२) विमानात सायकल, खारी हवा, सुटे भाग: काय काळजी घ्यावी?
३) 'जबाबदार पर्यटन' हे नुसतं टी-शर्टवर छापायला नको आहे. १४ जणांच्या टोळीने तिथल्या लोकांवर भार न होता पैसे त्यांच्याच हातात कसे द्यावेत?

चढउतार

पहिल्याचं उत्तर: नाही. जिरकाटांग नाक्यापासून मिडल स्ट्रेटपर्यंत अंदमान ट्रंक रोडचा ४९ किमीचा तुकडा जारवा अभयक्षेत्रातून जातो. तिथे ठरलेल्या वेळी पोलिसांसोबत वाहनांचा ताफा सुटतो. थांबणं, फोटो काढणं, खाऊ देणं, सगळ्याला बंदी आहे. सायकल चालवत जाण्याचा प्रश्नच येत नाही.

पण बसचं मात्र नीट विचार करून ठरवा. २०११च्या जनगणनेत जारवा होते ३८०. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. बाहेरच्या माणसाचा साधा खोकलाही तिथे महागात पडू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच या रस्त्याचा तो भाग बंद करायचा आदेश दिला होता, आणि रस्ता अजून चालू आहे. तिथले लोक दवाखान्यासाठी, शाळेसाठी त्या बसने जातात, त्यांना इलाज नाही. आपल्याला आहे.

बहुतेक गट इथेच चुकतात. जाताना बोटीने जातात आणि येताना डिगलीपूरहून रात्रीच्या थकव्यात बस पकडतात. ती बस त्याच ४९ किमीतून येते. सामानाची गाडी पोर्ट ब्लेअरहून भाड्याने घेतली तर तीही तिथूनच जाते, दोन्ही वेळा. म्हणजे सायकलवाले मोकळे आणि त्यांच्या बॅगा ताफ्यात! गाडी रंगतमध्येच ठरवा, रंगतच्याच ड्रायव्हरची. परतीसाठी डिगलीपूरजवळच्या एरियल बे धक्क्यावरून पोर्ट ब्लेअरला सरकारी बोट असते, रात्रभराचा प्रवास. ती रोज नसते. म्हणून आधी बोटीचा वार बघा आणि मग विमानाचं तिकीट काढा, उलट नको.

माझा आराखडा (१० दिवस धरा, ९ मध्ये कोंबू नका):

दिवस १ पोर्ट ब्लेअर, सायकली जोडणे. दिवस २ चिडियाटापू जाऊन-येऊन, साधारण ५० किमी, चढउतारांची सवय होते आणि कोणाची सायकल कुरकुरते तेही कळतं. दिवस ३ बोटीने स्वराज द्वीप. दिवस ४ धक्क्यापासून राधानगर किनारा १२ किमी, मधे एक चांगला चढ. दुसऱ्या बाजूला काला पत्थरचा रस्ता सपाट. दिवस ५ बोटीने रंगत. दिवस ६ रंगत ते मायाबंदर, सत्तरेक किमी. वाटेत धानीनाल्याची खारफुटीतली लाकडी पायवाट आहे, सायकली बाहेर लावून चालत जा. दिवस ७ मायाबंदर ते डिगलीपूर ७५-८० किमी, चेंगप्पा पुलावरून ऑस्टिन सामुद्रधुनी ओलांडून उत्तर अंदमानात. दिवस ८ कालीपूर (डिगलीपूरजवळचा किनारा). दिवस ९ रात्रीची बोट, दिवस १० पोर्ट ब्लेअर.

शहीद द्वीप गाळा. बेट इतकं लहान की सायकलवर तासाभरात संपतं, आणि त्यासाठी १४ सायकली आणखी दोनदा बोटीत चढवाव्या लागतात. बाराटांगच्या चुनखडी गुहाही गाळा; तिथे जायचा नेहमीचा रस्ता ताफ्याचाच आहे.

रंगतच्या पुढे डोंगर उंच नाहीत, पण रस्ता सारखा वर-खाली. ६०-८० मीटर चढ, लगेच उतार, पुन्हा चढ. पुढे ३४ आणि मागे ३४ दाती गिअर असेल तर गुडघे वाचतात. रुंदीकरणाच्या कामामुळे मधे मधे खडी आणि धूळ लागते, त्यामुळे टायर ३५ ते ४० मिमी. २५ मिमीच्या रोड बाइकवर येऊ नका.

आणखी एक. अंदमान भारतीय वेळेवर चालतं, पण आहे खूप पूर्वेला. फेब्रुवारीत साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. मुंबई-पुण्याच्या हिशोबाने संध्याकाळच्या राइड आखू नका. सकाळी सव्वापाचला तयार, पावणेसहाला निघायचं, साडेदहापर्यंत मुख्य पल्ला संपवायचा.

चेनगार्ड

दुसऱ्या प्रश्नावर.

आधी चाकं जुळवा. १४ जणांत २६, २७.५, २९ आणि ७००सी अशी खिचडी असेल तर ट्यूबांचं पोतं न्यावं लागेल. २९ आणि ७००सी दोन्हींची रिम ६२२ मिमीची, त्यामुळे सगळे त्यातच असतील तर सुटे भाग निम्मे होतात. व्हॉल्वही एकच ठरवा, प्रेस्टा (बारीक) किंवा श्रेडर (मोटारीसारखा जाड).

खोक्यात भरताना: पेडल काढा (डावं पेडल उलट्या आट्याचं, घड्याळाच्या दिशेने सैल होतं, इथे जोर लावून आटे खाल्लेले क्रँक दर सहलीत एक तरी निघतात). सीटपोस्टला उंचीवर चिकटपट्टी लावून खूण करा. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरवरून (तो जिच्यावर बसतो त्या पट्टीवरून) सोडवून कापडात गुंडाळून चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीच्या) आत बांधा, नाहीतर खोकं आडवं पडलं की हँगर वाकणार. पुढच्या फोर्कमध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर घाला. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याची घडी अडकवा. चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड चिकटतात आणि चाक बसत नाही. खोक्यासकट वजन १५ किलोच्या आसपास जातं, म्हणजे साध्या तिकिटाची मर्यादा सायकलीतच संपली. कपड्यांचं वजन वेगळं धरा आणि सायकल आहे हे विमान कंपनीला आधी कळवा. सीओटू काडतुसं (ट्यूब फुगवायची गॅसची नळकांडी) नेऊ नका, हातपंप न्या. ई-बाइकची बॅटरी १६० वॅट-अवरच्या वर असते, ती प्रवासी विमानात चढत नाही. गटात कोणी ई-बाइकवाला असेल तर आत्ताच सांगा.

सुटे भाग (१४ सायकलींसाठी): ट्यूब माणशी २, टायर २, चेनच्या जोडकड्या प्रत्येक स्पीडच्या २, प्रत्येक मॉडेलचा हँगर १, गिअर केबल ४, ब्रेक केबल २, ब्रेक पॅड ४ जोड्या, लांबी मोजून स्पोक ६, टायर बूट (फाटलेल्या टायरला आतून लावायचं ठिगळ) ३, चेन तोडायचं हत्यार १. रंगतच्या पुढे साध्या सायकलीचे भाग मिळतील असं धरा, ११ स्पीडची चेन मिळणार नाही असंच धरा.

खारी हवा: मेणाचं कोरडं लुब दोन दिवसांत जातं, ओलं लुब वापरा आणि जास्तीचं पुसून टाका, नाहीतर त्यात वाळू बसून घासण्याची पेस्ट होते. बोटीत सायकली डेकवर असतात, तुषार उडतात. उतरल्यावर चेन, बोल्टची डोकी आणि डिरेलरच्या स्प्रिंगा ओल्या फडक्याने पुसून तेल. पाइप लावून धुऊ नका, गोड्या पाण्याची चैन तिथे नाही. निघण्याआधी सीटपोस्टला ग्रीस लावलं नसेल तर स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट मिठाने धरून बसतो, मग तो काढायला वर्कशॉपच लागतं.

बोटीबद्दल: वेगवान खाजगी बोटी बंद केबिनच्या असतात, १४ सायकली घेतीलच याची खात्री नाही. सरकारी बोट धरा, पण धक्क्यावर आदल्या दिवशी जाऊन सायकलींचा आकडा सांगून ठेवा.

मीठभाकर

तिसरा प्रश्न. ह्यात सगळ्यात मोठी गोष्ट पाणी आहे, बाकी नंतर.

फेब्रुवारी म्हणजे पाऊस थांबून झालेले दोन महिने. लहान बेटांवर विहिरी आणि साठवलेलं पाणी. शॉवर मिनिटाला ८ लिटर धरला तर ८ मिनिटांच्या अंघोळीला ६४ लिटर, १४ जणांचे जवळपास ९०० लिटर. एक बादली १५ लिटरची, १४ जणांचे २१०. दिवसातून एकच अंघोळ, राइडनंतर, बादलीने. रोज कपडे धुणं बंद. राइडचे दोन जोड, एक अंगावर, एक वाळत.

प्यायचं पाणी: त्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. तासाला ६०० ते ८०० मिली लागतं, दिवसाचे माणशी ४ लिटर धरा. १४ जणांचे ५६ लिटर, म्हणजे एक लिटरच्या ५६ बाटल्या. सहा दिवसांत ३३६ रिकाम्या बाटल्या अशा बेटावर, जिथून कचरा बाहेर न्यायलाही बोट लागते. २० लिटरचे तीन जार रोज गाडीत ठेवा आणि स्वतःच्या बाटल्या भरा. नुसतं पाणी ढोसू नका, दर दुसऱ्या बाटलीत ओआरएस (पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात). भरपूर पाणी पिऊनही डोकं दुखतंय आणि मळमळतंय तर मीठ कमी पडलंय. बोलण्यात गोंधळ वाटला तर आणखी पाणी न पाजता सरळ दवाखाना.

जेलच्या पाकिटांऐवजी खजूर, खारे शेंगदाणे, राजगिरा लाडू स्टीलच्या डब्यात. चिक्की नेऊ नका, दुसऱ्या दिवशी तिचा एकच गोळा होतो. वाटेत शहाळी मिळतात, ती प्या.

पैसे: वेळासला कासवं बघायला जाताना गावातल्या घरांत उतरतो, तसंच करा, फक्त इथे १४ जण एका घरात मावणार नाहीत. तीन-चार घरांत विभागा आणि प्रत्येक घराला वेगळे पैसे द्या. एका 'म्होरक्या'च्या हातात सगळी रक्कम दिली की शेवटच्या घरापर्यंत किती पोचलं ते कळत नाही. जेवणाचा आकडा दोन दिवस आधी सांगा, शाकाहारी किती तेही. भाजी आणि किराणा बराचसा बोटीने येतो, ऐनवेळी १४ ताटं मागणं म्हणजे घरच्यांच्या वाटणीचं खाणं. मासे खाणारे असाल तर सुरमई, टुना चालेल. प्रवाळ साफ ठेवणारा पोपटमासा मागू नका.

मायाबंदरजवळ वेबी नावाचं करेन लोकांचं गाव आहे. १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आणलेली ही मंडळी. जायचं तर आधी विचारून, गावातल्याच माणसाला वाटाड्या म्हणून मेहनताना देऊन. उत्तर अंदमानातल्या गावांत बंगाली, रांचीकडून आलेले, तेलुगू, तमिळ असे सगळे भेटतील. हिंदी सगळीकडे चालते. मुलांना गोळ्या-पेनं वाटत सुटू नका.

कालीपूरला कासवं अंडी घालायला येतात. वन विभागाच्या माणसाबरोबरच जायचं, पांढरा टॉर्च, फ्लॅश, हेडलाइट बंद. सायकल वाळूत नेऊच नका. शंख-प्रवाळ उचलायचं नाही, मेलेलं किनाऱ्यावर पडलेलंसुद्धा. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

पोहणं फक्त खुणा लावलेल्या जागी. खारफुटीच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातली मगर असते. राधानगरच्या टोकाला नील्स कोव्ह आहे, तिथे २०१० मध्ये एक पर्यटक मगरीमुळे गेली. घाम धुवायला म्हणून खाडीत उतरू नका.

घंटी_वाजवा

चढउतार, परतीच्या बसचं डोक्यातच आलं नव्हतं. १० दिवस करतोय, शहीद द्वीप आणि बाराटांग गळालं. मीठभाकर, घरं विभागून घेण्याचं पटलं. अजून दोन: १४ जण एकत्र चालवायचे की तुकड्या करायच्या? आणि सामानाची गाडी असताना ही सहल 'पर्यावरणस्नेही' म्हणावी का?

चढउतार

७-७ च्या दोन तुकड्या, मधे अर्धा तास. १४ जणांची रांग ट्रकला ओलांडता येत नाही. ड्रायव्हर वैतागून वळणावरच घुसतो. तुकडीत एकेरी रांग, दोन सायकलींत दोन चाकांचं अंतर, चढावर त्याहून जास्त. शेवटचा माणूस नेहमी तोच, त्याच्याकडे पंप आणि हत्यारं. प्रथमोपचार पुढच्या तुकडीत ठेवला तर मागच्यांना उपयोग नाही, दोन पेट्या करा. मायाबंदरला डॉ. आर. पी. हॉस्पिटल आहे, मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत रुग्णालय, आणि तिथे पोचायला वेळ लागतो हे ६१ वर्षांच्या काकांना आधी सांगा. रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा.

मीठभाकर

'पर्यावरणस्नेही' म्हणू नका. पुण्याहून अंदमानला विमानाने जाऊन-येऊन जो धूर होतो त्यापुढे रंगतच्या एका गाडीचं डिझेल किरकोळ. गाडी काढून टाकून काही मिळत नाही, उलट रंगतच्या एका ड्रायव्हरचे तीन दिवसांचे पैसे जातात आणि पाण्याचे जार कोण वाहणार हा प्रश्न उरतोच. धुराचं खरंच लागत असेल तर चेन्नईहून जहाजाने जा. साधारण तीन दिवस लागतात. सुट्ट्या असतील तर.

चेनगार्ड

जहाजाने गेलात तर खोकं लागत नाही, सायकल उभीच बांधता येते. पण तीन दिवस खारे तुषार, तेव्हा चेनवर ओलं लुब चांगलं जाड आणि वरून जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर तो काढून चेन पुसायची आठवण ठेवा.