मदत हवी आहे: स्पोर्ट्स रेडिओ स्टेशन बंद होतंय, होस्टने पुढे काय करावं? (कॅनडा)

अबोली_क
भाचा ऑन्टॅरियोत एका एएम स्पोर्ट्स स्टेशनवर सहा वर्षं दुपारच्या शोचा को-होस्ट आहे. स्टेशन महिनाअखेर बंद. पीआर (कायमचा रहिवासी) आहे, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. दुसऱ्या स्टेशनची आशा धरावी, की यूट्यूबवर स्वतःचं सुरू करावं? कंपनीने पैशाच्या ऑफरसोबत सहीचा कागद दिलाय, आठ दिवसांत परत हवाय.

थर्डमॅन
आधी तो कागद. रोजगाराच्या वकिलाने वाचल्याशिवाय सही नको, कारण त्यात बहुधा पुढचे दावे सोडून दिल्याचं लिहिलेलं असतं.

प्रसारण हे केंद्राच्या कायद्याखाली, म्हणजे कॅनडा लेबर कोडखाली येतं. ऑन्टॅरियोचे नियम इथे लागत नाहीत, आणि लोक नेमके तेच गूगल करून बसतात. सहा वर्षं पूर्ण असतील तर किमान ६ आठवड्यांची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय वर्षाला २ दिवस याप्रमाणे १२ दिवसांच्या पगाराइतका सेव्हरन्स (नोकरी संपल्याची भरपाई). हा फक्त तळ झाला. करारात मर्यादा घातलेली नसेल तर कोर्टाच्या प्रघाताने याहून बरंच जास्त मिळू शकतं.

नॉन-कम्पीट कलमही (नोकरी सुटल्यावर स्पर्धकाकडे काम करायची मनाई) बघा. ऑन्टॅरियोने २०२१ मध्ये ते बेकायदा केलं, पण तोही प्रांताचाच कायदा, त्याच्या भरवशावर राहू नका.

ईआयचा (बेरोजगारी विम्याचा) अर्ज शेवटच्या दिवसापासून ४ आठवड्यांच्या आत करा.

लाँगऑन
आशा धरावी, पण थोडीच. ९ फेब्रुवारी २०२१ ला बेल या मीडिया कंपनीने आपल्या टीएसएन या स्पोर्ट्स ब्रँडची तीन रेडिओ स्टेशनं, व्हँकूव्हरचं १०४०, विनिपेगचं १२९० आणि हॅमिल्टनचं ११५०, एकाच दिवशी बंद केली. त्यानंतर कोण कुठे गेलं ते बघा. हॅलफर्ड-ब्रफ ही जोडी स्पोर्ट्सनेट ६५० या दुसऱ्या स्पोर्ट्स रेडिओ स्टेशनवर. सेकेरेस आणि प्राइस यांनी स्वतःचा पॉडकास्ट काढला. डॉन टेलर आणि रिक धालीवाल चेक या स्थानिक टीव्ही वाहिनीकडे. विनिपेगचा अँड्र्यू पॅटरसन यूट्यूबवर. रेडिओची खुर्ची मिळाली ती मोजक्यांना.

यातले बहुतेक जोडीने गेले, हे को-होस्टसाठी महत्त्वाचं. श्रोता जोडीसाठी येतो. भाच्याने पहिला फोन स्टेशन मॅनेजरला नाही, आपल्या पार्टनरला करावा. एडिटिंग आणि साउंड बोर्ड चालवणं येत असेल तर प्रोड्यूसरच्या जागाही बघाव्यात, तिथे स्पर्धा जरा कमी.

हिशेबनीस
यूट्यूबवर उडी मारण्याआधी गणित करा. समजा पॉडकास्टच्या एका भागाला ३,००० डाउनलोड, दोन जाहिराती, दर हजारी २५ डॉलर. म्हणजे भागाला १५० डॉलर, आठवड्याला पाच भाग धरून ७५०. ते दोघांत वाटले की भाडंही निघत नाही. म्हणून डाउनलोडवर नाही, महिन्याच्या ठरावीक रकमेवर स्थानिक प्रायोजक धरा: कार डीलर, पब, छपराचे ठेकेदार. स्टेशनचा सेल्समनही बेकार होतोय, त्याला कमिशनवर घ्या. सगळ्या धंद्यांचे नंबर त्याच्याच फोनमध्ये आहेत!

यूट्यूबचा जाहिरात-वाटा १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितल्याशिवाय सुरू होत नाही (शॉर्ट्सचा निकष वेगळा). चार तिमाहींत विक्री ३०,००० डॉलरच्या वर गेली की एचएसटी (तिथला विक्रीकर) नोंदणी सक्तीची. आणि ईआय चालू असताना शो काढला तर दर पंधरवड्याच्या रिपोर्टमध्ये स्वयंरोजगार म्हणून कळवा, तास आणि कमाई दोन्ही. लपवलं तर वसुली आणि वर दंड.

अबोली_क
खूप आभार, फार उपयोगी माहिती. त्याच्या शोच्या पॉडकास्टचे श्रोते बरेच आहेत. ते नव्या शोकडे आणता येतील का?

थर्डमॅन
आपोआप नाही. पॉडकास्टचा फीड (ज्यातून नवे भाग श्रोत्यांच्या अॅपमध्ये जातात) स्टेशनचा, आणि बंद झाला की श्रोत्यांच्या अॅपमध्ये नवं काही येणारच नाही. स्टेशनच्या नावाचं एक्स (पूर्वीचं ट्विटर) हँडलही त्यांचंच. नवा फीड आजच नोंदवून ठेवा, अॅपलची मंजुरी यायला वेळ लागू शकतो. करारात मनाई नसेल तर शेवटच्या भागात नवं नाव एअरवर सांगायची परवानगी मागावी. लेखी.

जुन्या भागांचे हक्क कंपनीचे, ते पुन्हा चढवू नयेत. नोकरीच्या डेमोसाठी ३-४ मिनिटांचे तुकडे मात्र लॉगिन बंद व्हायच्या आत परवानगीने उतरवून घ्यावेत.

लाँगऑन
एक राहिलं. स्टेशनचा गाण्यांचा परवाना पॉडकास्टला चालत नाही, आणि सामन्याच्या कॉमेंटरीचे तुकडे लीगच्या किंवा प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीच्या मालकीचे. गोल झाल्याची क्लिप वाजवली की यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा आलाच समजा. मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला गेला की स्ट्राइक बसतो, आणि ९० दिवसांत असे तीन झाले तर चॅनेलच जाऊ शकतो.