मदत हवी आहे : केळी पिकवणारा वायू आणि ठिबकची नळी, अकरावीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

मी रावेर तालुक्यात अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं केळीवाल्यांच्या घरची. सध्या हायड्रोकार्बन चालू आहे. इथिलीनचा रेणू फळ्यावर काढला आणि सांगितलं की रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीत, हाच वायू सोडतात, अन् ठिबकच्या नळ्यांचं पॉलिथिनही ह्याच्यापासूनच बनतं. लगेच एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग ठिबकच्या नळ्या तर वर्षभर केळीच्या बुडाशीच पडलेल्या असतात. त्यांनी घड झाडावरच का नाही पिकत?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, वरवरचं उत्तर देऊन तो मिटवायचा नाही.

एवढं मी सांगितलं: इथिलीनमध्ये दोन कार्बन, चार हायड्रोजन आणि कार्बनांमध्ये दुहेरी बंध. पॉलिथिन होताना त्या दुहेरीतला एक बंध उघडतो आणि हजारो रेणू जोडून लांबच लांब साखळी तयार होते. उणे १०४ अंशाला उकळणारा वायू त्यामुळे घन होतो. पण मुलं अडतात ती इथे: कार्बन-हायड्रोजनचं प्रमाण दोन्हींत तेच, मग गुण वेगळे का? त्यांच्या मनात पदार्थ म्हणजे अणूंची मोजदाद. रचना हा शब्द पाठ आहे, पण त्यामागचं काही दिसत नाही.

तर केळीला इथिलीन 'कळतो' कसा, हे अकरावीच्या पातळीवर कोणी सांगेल का? आणि वर्गात करता येईल असा एखादा प्रयोग? एकाने घरून कार्बाइड आणतो म्हटलं, त्याला मी स्पष्ट नाही सांगितलं. त्यावर फळं पिकवायला बंदी आहे, त्यात आर्सेनिक-फॉस्फरसचे अंश असतात, आणि पाणी लागलं की निघणारा ॲसिटिलीन पेट घेतो.

अजून एक. जुन्या नळ्या बांधावर जाळतात, त्यावरही मुलांशी बोलायचं आहे.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या विद्यार्थिनीला शाबासकी द्या. वनस्पतीच्या पेशीत इथिलीन ओळखणारी प्रथिनं असतात आणि त्यांत तांब्याचा आयन असतो. इथिलीनच्या दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन त्या तांब्याला धरतात, तिथून पिकण्याची सगळी साखळी सुरू होते. पॉलिथिन होताना नेमका तोच दुहेरी बंध खर्ची पडला. तांब्याला धरायला काही उरलंच नाही, शिवाय एवढा लांब रेणू उडून पेशीपर्यंत पोचणार तरी कसा? ॲसिटिलीनमध्ये तिहेरी बंध आहे, म्हणून कार्बाइडनेही केळी पिवळी होते, फक्त वायू बराच जास्त लागतो. अणूंच्या मोजदादीतून हे कधीच कळलं नसतं.

मात्र नळीतून इथिलीन मुळीच निघत नाही, असं सांगू नका. उन्हात पॉलिथिन झिजताना मिथेन आणि इथिलीन अगदी किंचित निघतात, २०१८ मध्ये त्यावर संशोधन प्रसिद्ध झालं. उघड्या वावरात ते वाऱ्यावर जातं. चेंबर बंद असतं, तिथे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन चालतो, आणि तेवढ्यात अख्खा माल पिकतो.

प्रतिसाद २

मॅडम, लांबच्या मालासाठी पॅकिंगमध्ये पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या टाकतात. ते इथिलीनचं ऑक्सिडीकरण करतं, म्हणून माल हिरवा राहतो. ह्यावरूनच प्रयोग करा. एकाच फणीतली कच्ची केळी चार डब्यांत ठेवा. एकात नुसती, दुसऱ्यात सोबत एक पिकलेलं केळ, तिसऱ्यात धुतलेल्या ठिबक नळीचे तुकडे, चौथ्यात पिकलेलं केळ आणि परमँगनेटच्या द्रावणात भिजवून वाळवलेला खडू. खडू केळीला टेकू देऊ नका, हातमोजे घाला. डबे रोज थोडा वेळ उघडा, पिकायला ऑक्सिजनही लागतो. मग चकत्यांवर टिंक्चर आयोडीन टाका. कच्च्यात स्टार्च भरपूर, म्हणून निळा-काळा डाग. पिकेल तसा स्टार्चचा साखरेत बदल होतो आणि डाग फिका पडतो. तिसरा डबा म्हणजेच त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर.

जाळण्याबद्दल: आधी तुकडा पाण्यात टाकून दाखवा. ठिबकची पॉलिथिन नळी तरंगते, पीव्हीसी पाइप बुडतो. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, जाळलं की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर होतो, डायॉक्सिन ही विषारी रसायनंही तयार होऊ शकतात. पॉलिथिनही उघड्यावर नीट जळत नाही, काजळी सोडतं. दोन्ही वेगवेगळं करून भंगारवाल्याला दिलं तर पुन्हा वितळवून वापरता येतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. तांब्याचं मला माहीत नव्हतं, उद्याच फळ्यावर काढते. चारही डबे करणार, आयोडीन प्रयोगशाळेत आहेच. आता एकच विचारायचं आहे: तिसऱ्या डब्यासाठी नवी नळी घेऊ की उन्हात तापलेली जुनी? प्रतिसाद १ वाचून वाटतंय, दोन्ही ठेवाव्यात आणि पाचवा डबा करावा. जुन्या नळीवर खतांचे क्षार बसलेले असतात. ते कशाने धुऊ म्हणजे केळीवर त्यांचा परिणाम होणार नाही?

प्रतिसाद २

पाचवा डबा नक्की करा. क्षार बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, व्हिनेगरमध्ये भिजवा, बुडबुडे थांबले की साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. व्हिनेगरचा वास गेल्याशिवाय डब्यात टाकू नका.