प्रभागातल्या रिमांड होमबद्दल नगरसेविकेने जाब कुणाला विचारायचा?

प्रभागातली_ताई
माझ्या प्रभागात मुलांचं निरीक्षणगृह आहे. वस्तीत अजून सगळे रिमांड होमच म्हणतात. परवा एक आई कार्यालयात येऊन बसली. मुलगा सोळाचा, मोबाइल चोरीच्या प्रकरणात आत. बाल न्याय मंडळाने जामीन दिलाय, पण जामीनदार हवा. हिच्या ओळखीत सातबारावाला किंवा पगाराची स्लिप असणारा कुणी नाही, म्हणून पोरगा आतच. त्याच्या अंगावर खरूज उठलीय, सांगूनही डॉक्टरला दाखवत नाहीत, असं ती म्हणते.

महापालिकेत विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तो महिला व बाल विकासचा विषय." प्रभागातल्या गटारांचा हिशेब मला मागता येतो, आणि या मुलांचा नाही? मला आत जाऊन बघता येईल का? नाहीतर धरायचं कुणाला?

निवृत्त_परिवीक्षा_अधिकारी
ताई, आत थेट जाता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. दार सगळ्यांना उघडं ठेवलं असतं तर केक कापायला येणाऱ्यांचे मुलांसोबतचे फोटो गावभर फिरले असते.

देखरेख मात्र त्याच अधिनियमात चांगली बांधलेली आहे. मंडळाने महिन्यातून किमान एकदा संस्थेला भेट द्यायची. शिवाय जिल्हा तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा यायचं, कमीत कमी तिघांनी, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. आठवड्यात अहवाल, त्यावर महिन्याभरात कार्यवाही. २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार वाढले. मुलाच्या हितासाठी ते मंडळाकडूनही माहिती मागवू शकतात.

माझ्या नोकरीत भेटी व्हायच्या, रजिस्टरवर सह्याही व्हायच्या. पण समिती यायची ती आधी कळवून. त्या दिवशी चादरी धुतलेल्या. मुलांना ओळीत बसवून अधीक्षकांच्या देखत विचारायचे, "काही त्रास?" कोण बोलणार? रात्रपाळीला एकच काळजीवाहक, संडासाची कडी मोडलेली, हे एका अहवालातून पुढच्या अहवालात जसंच्या तसं उतरायचं. सूचना लिहिली की काम झालं अशी समजूत होती, आणि त्याचा राग मला अजून येतो.

म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्या. मागच्या चार अहवालांतली प्रत्येक सूचना आणि ती पूर्ण झाल्याची तारीख, एवढंच मागा. मुलांची नावं झाकून द्या असं पत्रातच लिहा, म्हणजे गोपनीयतेची सबब राहणार नाही. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज.

मंडळापुढचा_वकील
आधी त्या आईचं बघा. जामिनाच्या अटी सात दिवसांत पूर्ण झाल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचं असतं, कलम १२. जामीनदाराशिवायही सोडता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळेल.

दुसरं, साधी चोरी किरकोळ गुन्ह्यात धरली जाते. चौकशी चार महिन्यांत संपवायची, मुदतवाढ फार तर दोन महिन्यांची. तरीही अपुरी राहिली तर ते प्रकरण तिथेच संपतं. मुलाला पहिल्यांदा मंडळापुढे कधी हजर केलं ती तारीख आईकडून घ्या, चौकशीची मुदत तिच्यावरून मोजायची.

महापालिकेचा संबंध नाही हे मात्र मला पटत नाही. दवाखाना तुमचा, शाळाही तुमच्या. तुमचा वैद्यकीय अधिकारी ठरलेल्या वारी तिथे जाईल असं आयुक्तांकडून पत्र करून घ्या. सुटलेल्या मुलाला शाळेत परत घेताना मुख्याध्यापक कुरकुर करतात, तिथेही तुमचा शब्द चालेल.

प्रभागातली_ताई
दोघांचे आभार. सोमवारी आईला घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जाते. खरुजेचं आजच आरोग्य अधिकाऱ्यांच्या कानावर घातलं. काका, पत्रात फक्त तपासणी समितीचे अहवाल मागू की मंडळाच्या भेटींचेही?

निवृत्त_परिवीक्षा_अधिकारी
दोन्ही, ताई. आणि स्वतंत्र मुद्दे करून मागा. एकत्र मागितलेत तर हाताशी असेल ती एकच फाइल पुढे करतील.